फाइली अनेक, खिडक्या मोजक्या



एका शाळेच्या संगणक कक्षात मी पाहिलेला प्रसंग प्रथम सांगतो. इयत्ता नववीतील एक मुलगी तापमानाच्या नोंदींवरून सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहीत होती. प्रोग्रॅम शे-सव्वाशे ओळींचा. तो काही केल्या चालेना. चूक अगदी क्षुल्लक होती. वरच्या भागात तिने एका राशीला जे नाव दिले होते, तेच नाव खाली वापरताना त्यातले एक अक्षर गळले होते. ती बिचारी वर जाई, नाव वाचून मनात घोकी आणि पुन्हा शंभर ओळी खाली येई. तेवढ्या वेळात डोळ्यांपुढून इतका मजकूर सरकलेला असे, की घोकलेले नाव नेमके कसे होते याची खात्रीच उरत नसे. वीस मिनिटे हा खेळ चालला. शेवटी रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "सर, मला प्रोग्रॅमिंग जमायचं नाही."

मी तिच्या पडद्याचे दोन भाग करून दिले. वरच्या भागात फाइलीचा आरंभ, खालच्या भागात शेवट. दोन्ही नावे एकाखाली एक आली आणि अर्ध्या मिनिटात तिची चूक तिनेच पकडली.

त्या मुलीत काहीही उणे नव्हते. उणे होते ते आम्हा शिकवणाऱ्यांचे. संगणकाला आज्ञा कशा द्यायच्या, हे आम्ही तिला शिकवले होते. परंतु त्या ज्या पडद्यावर लिहायच्या तो कसा मांडायचा, हे कोणीच सांगितले नव्हते. सुताराच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला रंधा मारायला सांगावे, पण लाकूड कसे पक्के धरायचे ते सांगू नये, तसाच हा प्रकार. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की अनेक फाइली उघड्या ठेवणे व पडदा विभागून वापरणे ही गोष्ट प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या धड्याबरोबरच शिकवली पाहिजे. ती कशी व का, हे आज पाहू या.

वही, फळा आणि खिडकी

ज्या साधनात आपण मजकूर लिहितो त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्याला नुसते 'संपादक' म्हणावे, तर या मासिकाच्या संपादकांचा आणि त्याचा घोटाळा व्हायचा. म्हणून एडिटर हाच शब्द ठेवू. एडिटरमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. त्या मनात एक झाल्या, की सगळा गोंधळ सुरू होतो.

पहिली गोष्ट फाइल. ती डिस्कवर साठवलेली असते. वीज गेली तरी ती राहते. दुसरी गोष्ट बफर. फाइल उघडली म्हणजे एडिटर तिच्यातील मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत उतरवून घेतो. ही उतरवलेली प्रत म्हणजे बफर. तुम्ही जे काही खोडता-लिहिता, ते या प्रतीत. तिसरी गोष्ट खिडकी, म्हणजे विंडो. बफरचा जेवढा भाग पडद्याच्या एखाद्या चौकटीत दिसतो, तेवढे तिचे काम.

वर्गातले उदाहरण घ्या. कपाटातली वही ही फाइल. गुरुजींनी वहीतला मजकूर फळ्यावर उतरवला, तो फळा म्हणजे बफर. आणि वर्गाला व्हरांड्याच्या बाजूने असलेल्या खिडक्या, त्या खिडक्याच. व्हरांड्यात दोन मुले दोन खिडक्यांतून पाहात असली, तर एकाला फळ्याचा डावा भाग दिसेल, दुसऱ्याला उजवा. पण फळा एकच. कोणी फळ्यावरचा शब्द पुसला, तर तो दोन्ही खिडक्यांना पुसलेला दिसणार. खिडकी लावून घेतली म्हणून फळा पुसला जात नाही. आणि फळ्यावरचा मजकूर पुन्हा वहीत उतरवला नाही, तर वहीला त्यातले काहीच कळत नाही. हे उतरवणे म्हणजे 'सेव्ह' करणे. वीज जाणे म्हणजे कोणीतरी ओल्या फडक्याने सगळा फळाच पुसून टाकणे.

हे चित्र मनात पक्के असले, की बऱ्याच शंका आपोआप मिटतात. एकाच फाइलीच्या दोन खिडक्या उघडल्या म्हणजे दोन प्रती झाल्या असे समजून खालच्या खिडकीतील मजकूर 'ही जादा प्रत आहे' म्हणून पुसून टाकणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. वरचाही मजकूर गेलेला पाहून ते संगणकाला दोष देतात. दोष संगणकाचा नव्हे. दोन खिडक्या म्हणजे दोन फळे, ही समजूत चुकीची.

उलट, खरोखरच दोन फळे कधी होतात? तीच फाइल दोन वेगवेगळ्या एडिटरांत उघडली की होतात. माझीच फजिती सांगतो. एका लेखाची फाइल मी एका एडिटरमध्ये उघडून ठेवली, विसरलो, आणि सायंकाळी तीच दुसऱ्या एडिटरमध्ये उघडून दोन पाने नवी लिहिली व सेव्ह केली. रात्री पहिला एडिटर समोर दिसला, तेव्हा त्यात एक किरकोळ दुरुस्ती करून तेथेही सेव्ह केले. पडद्यावर आलेली सूचना न वाचताच मान्य केली. दोन्ही पाने गेली! दोन वर्गांत दोन फळे होते आणि वहीत शेवटी ज्याने उतरवले त्याचे राहिले. तीच फाइल दुसऱ्या विममध्ये आधीच उघडी असली, तर विम नावाचा एडिटर ती उघडतानाच सावधगिरीचा इशारा देतो. तो इशारा त्रासदायक वाटतो, पण दाराशी भुंकणारा कुत्रा घरातलाच असतो.

एका मिनिटाचा पडदा

पडदा विभागण्याची कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगेलबार्ट या संशोधकाने आपल्या संगणक प्रणालीचे एक प्रात्यक्षिक दाखवले. माउस हे साधन लोकांनी प्रथम पाहिले ते तेथेच. त्याच प्रात्यक्षिकात पडद्याचे भाग करून एका भागात मजकूर आणि दुसऱ्या भागात दूरच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याचे चित्र, असेही त्याने दाखवले होते.

मग ही सोय सर्वांना लगेच का मिळाली नाही? याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय हा विद्यार्थी 'व्ही-आय' नावाचा एडिटर तयार करीत होता. त्याच्याजवळ एडीएम-३ए जातीचा पडदा होता. त्यावर २४ ओळी आणि दर ओळीत ८० अक्षरे मावत. म्हणजे पूर्ण पडद्यावर २४ गुणिले ८०, एकूण १९२० अक्षरे. घरून काम करताना दूरध्वनीच्या तारेवरून संदेश येत ते सेकंदाला ३०० बिट या गतीने. एका अक्षरास पुढची-मागची खूण धरून १० बिट लागतात. तेव्हा सेकंदाला अक्षरे आली ३०. आता १९२० ला ३० ने भागा. उत्तर ६४. पडदा एकदा पूर्ण बदलायचा तर एक मिनिटाहून अधिक थांबायचे! व्ही-आयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या का आहेत, हे यावरून ध्यानात येईल. जेथे प्रत्येक अक्षराला वेळेचे मोल होते, तेथे लांबलचक आज्ञा परवडणार कशा?

तरीही जॉयने व्ही-आयमध्ये अनेक खिडक्यांची सोय करायला घेतली होती. १९७८ च्या अखेरीस त्यांच्याकडे नवा व्हॅक्स संगणक बसवला जात होता. त्या गडबडीत प्रोग्रॅमची राखीव प्रत काढलेली नव्हती आणि ज्या टेप-यंत्रावर ती काढायची तेच बिघडले. तशातही त्याने काम पुढे चालू ठेवले. मग मूळ मजकूरच खराब झाला, आणि त्याची पूर्ण छापील प्रतही हाताशी नव्हती. खिडक्यांसाठीचे बरेचसे काम पुन्हा लिहून होत आले होते, ते सारे वाया गेले. त्याने तो नाद सोडला व आधीच्या आवृत्तीवरच काम संपवले. ही हकिकत जॉयनेच १९८४ साली एका मुलाखतीत सांगितली आहे. हाच बिल जॉय पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. एवढ्या कसलेल्या माणसाचेही काम राखीव प्रतीवाचून गेले, हे आपण विसरू नये.

व्ही-आयच्या घराण्यात खिडक्या आल्या त्या पुढे. ब्रॅम मोलेनार या डच प्रोग्रॅमरने व्ही-आयच्या धर्तीवर विम हा एडिटर रचला आणि तो १९९१ मध्ये लोकांना दिला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात एकाखाली एक खिडक्या आल्या, २००१ च्या सहाव्या आवृत्तीत शेजारी-शेजारी, आणि २००६ च्या सातव्या आवृत्तीत टॅब. विम फुकट आहे. ज्यांना तो आवडेल त्यांनी युगांडातील गरजू मुलांना मदत करावी, एवढीच मोलेनार यांची विनंती असे. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

डोळ्यांची कुवत

आता तुम्ही म्हणाल, "दोन टॅब उघडले आणि एकावरून दुसऱ्यावर गेलो, तरी काम भागतेच की! पडदा विभागायची गरज काय?"

प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर खगोलशास्त्रातील एका गोष्टीने देतो. क्लाइड टॉमबॉ या तरुणाने १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत प्लूटो शोधला. (२००६ पासून प्लूटोला बटुग्रह म्हणतात.) त्याने आकाशाच्या एकाच भागाचे दोन फोटो घेतले होते, एक २३ जानेवारीस व दुसरा २९ जानेवारीस. ते त्याने अशा यंत्रात बसवले, की डोळ्यापुढे एकाच जागी कधी पहिला तर कधी दुसरा फोटो झपाझप यावा. सारे तारे जागच्या जागी राहिले. एक ठिपका मात्र उडी मारताना दिसला. तोच प्लूटो.

म्हणजे टॅब बदलण्याची युक्ती खोटी नाही. परंतु तिला एक अट आहे. दोन्ही चित्रे तंतोतंत एकावर एक बसली पाहिजेत. दोन फाइली जवळजवळ सारख्या असतील आणि त्याच ओळी त्याच जागी असतील, तर टॅब अदलाबदल करून फरक झटकन दिसतो. पण दुसऱ्या फाइलीत वरच्या बाजूला एखादी ओळ जास्त असली, तर सगळा मजकूर एका ओळीने खाली सरकतो. मग प्रत्येक तारा उडी मारतो आणि ग्रह ओळखू येत नाही.

याच्या जोडीला रोनाल्ड रेनसिंक व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. त्यांनी लोकांना एक चित्र दाखवले, मग क्षणभर कोरा पडदा, मग थोडासा बदल केलेले तेच चित्र, आणि हे चक्र चालू ठेवले. मधल्या कोऱ्या क्षणामुळे ठळक बदलही लोकांना लवकर सापडेनात. मध्ये खंड पडला की तुलनेचा भार डोळ्यांवरून स्मरणावर येतो, आणि स्मरण तोकडे असते. आपली नववीतली मुलगी शंभर ओळी वर-खाली करीत होती, तेव्हा तिची अडचण थेट हीच होती.

शेजारी-शेजारी खिडक्यांचा फायदा यात आहे. जे मनात धरून ठेवायचे ते पडद्यावर धरून ठेवता येते, आणि मन विचार करायला मोकळे राहते.

आणि जेथे ओळी सरकलेल्या आहेत तेथे? ते काम डोळ्यांकडून काढून संगणकालाच द्यावे. १९७४ साली युनिक्स प्रणालीत 'डिफ' नावाचा प्रोग्रॅम आला. त्यामागील पद्धत डग्लस मॅकिलरॉय व जेम्स हंट यांची. दोन्ही फाइलींत त्याच क्रमाने आढळणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका हा प्रोग्रॅम शोधतो. जे त्या मालिकेबाहेर उरते तोच फरक. आज पुष्कळ एडिटर दोन फाइली दोन खिडक्यांत ठेवून असा फरक रंगाने दाखवतात.

खिडक्या किती?

येथवर वाचून कोणी उत्साहाने दहा खिडक्या उघडील. म्हणून माझे मत जरा विस्ताराने सांगतो. फाइली हव्या तितक्या उघडा, खिडक्या मात्र मोजक्याच ठेवा. उघडी फाइल म्हणजे स्मृतीत पडून असलेला एक बफर. मजकुराची फाइल स्मृतीतील फारच थोडी जागा घेते. यादीतून तिचे नाव निवडले की ती हजर. खिडकी मात्र पडद्याची जागा खाते, आणि पडदा लांबरुंद होत नाही.

याचाही हिशेब करू. साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो असे धरा. एका अक्षराला ८ बिंदू रुंदी व १६ बिंदू उंची दिली, तर एका ओळीत सुमारे १७० अक्षरे आणि एकूण ४८ ओळी होतात. उभे दोन भाग केले, तर प्रत्येकात ८५ अक्षरे आणि पूर्ण ४८ ओळी. हे उत्तम. त्यांचे पुन्हा आडवे भाग करून चार खिडक्या केल्या, तर प्रत्येकात उरल्या २४ ओळी. म्हणजे प्रत्येक खिडकी बिल जॉयच्या जुन्या पडद्याएवढी झाली! त्याहून बारीक तुकडे करणे म्हणजे किल्लीच्या भोकातून नाटक पाहणे.

मेंदूचे गणितही याला जुळते. नेल्सन कोवन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये निरनिराळ्या प्रयोगांचा आढावा घेऊन मांडले, की आपण एका वेळी सुमारे चारच गोष्टी लक्षात बाळगू शकतो. म्हणून नवी खिडकी उघडताना स्वतःला विचारावे, "ही कशासाठी?" 'डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर', 'वर निरीक्षणांचा तक्ता, खाली निष्कर्ष', 'एकीकडे इंग्रजी उतारा, दुसरीकडे माझे मराठी भाषांतर' अशी उत्तरे आली, तर खिडकी राहू द्या. 'असू दे, कधीतरी लागेल' असे उत्तर आले, तर ती बंद करा. फाइल यादीत आहेच.

दोन आक्षेप

काही शिक्षक म्हणतात, "मुलांचे लक्ष आधीच थाऱ्यावर नसते. एक फाइल धड होत नाही, त्यात आणखी दुसरी कशाला?" या काळजीत तथ्य आहे. परंतु अनेक फाइली म्हणजे अनेक कामे नव्हेत. जेवताना ताटाशेजारी पाण्याचे भांडे असते, म्हणून आपण दोन जेवणे जेवत नाही. एकाच कामाचे दोन भाग समोर असले तर लक्ष उलट टिकते. ते विखुरते ते कामाशी संबंध नसलेली खिडकी उघडी असली की.

दुसरा आक्षेप असा, की पुष्कळ मुलांजवळ संगणकच नाही, घरातला एखादा फोन आहे. त्याच्या एवढ्याशा पडद्याचे दोन भाग काय करणार? खरे आहे. फोनवर हे फारसे साधत नाही, आणि म्हणूनच शाळेच्या संगणक कक्षात मिळणारा तास अधिक मोलाचा आहे. जे घरी करता येत नाही ते तरी तेथे शिकवावे. एक तास पुरतो. क्रिया चारच आहेत: पडदा विभागणे, खिडकीतून खिडकीत जाणे, खिडकीत दुसरी फाइल आणणे आणि पुन्हा एकच खिडकी करणे.

विममध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबून मग एस दाबले की आडवे भाग होतात, व्ही दाबले की उभे. पुन्हा कंट्रोल-डब्ल्यू आणि डब्ल्यू, म्हणजे पुढची खिडकी. ओ दाबले की आपली सोडून बाकीच्या मिटतात. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स नंतर २, ३, ओ व १ या कळा अनुक्रमे हीच कामे करतात. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल धरून उलटी तिरकी रेघ दाबावी. नोटपॅड++ मध्ये टॅबवर माउसची उजवी कळ दाबून तीच फाइल शेजारच्या भागातही उघडता येते. कोणता एडिटर श्रेष्ठ, या वादात पडू नका. जो हाताशी आहे त्याच्या चार क्रिया बोटांना शिकवा.

करून पाहा

शेवटी तीन छोटे प्रयोग. त्यांसाठी एक चाचणीची फाइल तयार करा. गृहपाठाची फाइल घेऊ नका! प्रत्येक प्रयोगाआधी काय घडेल त्याचा अंदाज वहीत लिहा.

पहिला: तीच फाइल एकाच एडिटरच्या दोन खिडक्यांत उघडा व वरच्या खिडकीत एक शब्द लिहा. खालच्या खिडकीत काय दिसते? दुसरा: आता एक खिडकी मिटवा. मजकूर गेला का? तिसरा: तीच फाइल दोन वेगळ्या एडिटरांत उघडा, दोन्हींत निरनिराळी ओळ लिहा, आधी एकात व मग दुसऱ्यात सेव्ह करा. आलेली सूचना या वेळी नीट वाचा. मग फाइल पुन्हा उघडून कोणती ओळ उरली ते पाहा.

वही, फळा आणि खिडकी यांतील भेद ज्याला कळला, त्याचे तिन्ही अंदाज बरोबर येतील. ज्याचे चुकतील त्याने वाईट वाटून घेऊ नये, कारण चुकलेला अंदाजच अधिक शिकवतो. आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅम चालेना, डोळे वर-खाली करून थकले, तर 'मला जमायचं नाही' असे म्हणण्यापूर्वी एवढेच करा. पडद्याचे दोन भाग करा आणि पुन्हा एकदा पाहा.